केबिन घेताना आधी वरचा मजला बघा

मागच्या अंकात समुद्रावरच्या क्रूझबद्दल लिहिलं तेव्हा वाटलं होतं की लोक व्हिसा, कपडे, कुठल्या महिन्यात जावं असलं काहीतरी विचारतील, पण पत्रं उघडली तर निम्म्याहून जास्त जणांची गाडी एकाच ठिकाणी अडलेली, केबिन कुठली घेऊ? म्हणून या वेळी फक्त केबिन. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक पत्रं थोडी छाटलीत, राग मानू नका.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको पहिल्यांदाच क्रूझला चाललोय. एजंट म्हणतो बाल्कनीच घ्या, नाहीतर क्रूझला गेल्यासारखं वाटणारच नाही. आमच्या ओळखीतले एकजण म्हणतात केबिनमध्ये फक्त झोपायला जायचं असतं, इनसाइड घ्या आणि पैसे वाचवा. नक्की कोणाचं ऐकायचं?

उत्तर: दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. चार मुख्य प्रकार असतात. इनसाइड म्हणजे खिडकीच नाही. ओशनव्ह्यू म्हणजे खिडकी आहे पण उघडत नाही, खालच्या डेकवर, म्हणजे मजल्यावर, ती गोल पोर्टहोल असते आणि वर गेलात की मोठी चौकोनी. मग बाल्कनी, आणि त्याच्या वर स्वीट. इनसाइड केबिन साधारण १५० ते १८० चौरस फुटांची असते, आणि लोकांना आश्चर्य वाटतं पण नुसती खोली बघितली तर बाल्कनीवाली त्याहून फार मोठी नसते, तुम्ही जास्तीचे पैसे देता ते बाहेरच्या त्या दोन खुर्च्यांच्या जागेचे.

आता त्या दोन खुर्च्यांवर तुम्ही बसणार किती, हा खरा प्रश्न. भूमध्य समुद्रातली रोज नवीन बंदर घेणारी क्रूझ असेल तर सकाळी आठला उतरलात की संध्याकाळीच परत, मग अंघोळ, जेवण, शो, बाल्कनीत जायला वेळ मिळतो कुणाला. नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या अरुंद खाड्यांत, किंवा अलास्काला चालला असाल तर गोष्ट वेगळी, तिथे डोंगर आणि बर्फ अक्षरशः खोलीच्या बाहेरून सरकत असतात आणि पहाटे अंगावर शाल घेऊन बघता येतात, तिथे मी म्हणेन बाल्कनी घ्याच. अटलांटिक पार करणारी क्रूझ असेल, सलग पाच-सहा दिवस नुसतं पाणी, तर बाल्कनी हवीशी वाटते खरी पण एक लक्षात ठेवा, जहाज २० नॉटने म्हणजे ताशी साधारण ३७ किलोमीटरने चाललेलं असतं, त्यात समोरून वारा आला की तिथे पुस्तकाचं पान धरवत नाही.

इनसाइडबद्दल लोक उगाच नाक मुरडतात. ज्यांना मिट्ट काळोखात झोप लागते त्यांच्यासाठी इनसाइडसारखं सुख नाही. फक्त सकाळ झाली हे कळत नाही. बऱ्याच जहाजांवर टीव्हीवर पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनल असतं, आवाज बंद करून ते रात्रभर लावून ठेवायचं, उजाडलं की खोलीतही हळूहळू उजेड होतो. कंपन्यांनी पण यावर डोकं चालवलंय, डिस्नी ड्रीम जहाज २०११ साली आलं तेव्हा त्याच्या इनसाइड केबिनमध्ये बाहेरचं लाइव्ह दृश्य दाखवणारी नकली पोर्टहोल होती, आणि रॉयल कॅरिबियनने नंतर भिंतभर स्क्रीनच लावली.

आणि हो, बाल्कनी म्हटली म्हणजे समुद्रच दिसेल असं नाही. २००९ सालच्या ओअॅसिस ऑफ द सीज जहाजावर काही बाल्कन्या आत, जहाजाच्या मधल्या बागेवर उघडतात. छान असतात, पण बुक करताना नाव नीट वाचा, नाहीतर समुद्र बघायचा म्हणून जाल आणि समोरच्या बाल्कनीतल्या काकांना चहा पिताना बघत बसाल.

प्रश्न: मला बस लागते, गाडी लागते, बोट तर शंभर टक्के लागणार. नवऱ्याने हौसेने सगळ्यात वरचा पुढचा स्वीट बघून ठेवलाय. मला भीती वाटतेय पण त्याची हौस मोडायची पण नाहीये.

उत्तर: ताई, हौस मोडू नका, फक्त जागा बदला. जहाज मुख्यतः दोन तऱ्हेने हलतं, डावीकडे-उजवीकडे कलतं आणि पुढचं-मागचं टोक वरखाली होतं. सी-सॉवर मधोमध बसलेलं पोर जागचं फारसं हलत नाही आणि टोकावरचं उडत असतं, तेच इथे. म्हणून जहाजाच्या मधोमध आणि जमेल तितक्या खालच्या डेकवरची केबिन सगळ्यात शांत. जितकं वर जाल तितकं डावं-उजवं कलणं जास्त जाणवतं, जितकं टोकाला जाल तितकं वरखाली. तुमच्या नवऱ्याने दोन्ही एकाच केबिनमध्ये जमवलंय, म्हणजे पैसे देऊन हेलकावे विकत घ्यायचा प्रकार. महागडे स्वीट बरेचदा वरच्याच डेकवर असतात, त्यामुळे जास्त पैसे टाकले की कमी हलेल हा हिशोब इथे चालत नाही.

हे काही नवीन ज्ञान नाहीये. १९१२ च्या टायटॅनिकवर फर्स्ट क्लास जहाजाच्या मधल्या भागात होता आणि थर्ड क्लासच्या केबिन दोन्ही टोकांना, एकटे पुरुष पुढे आणि एकट्या बायका आणि कुटुंबं मागे.

आजकालच्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, त्यांनी कलणं बरंच कमी होतं पण टोकांचं वरखाली होणं त्यांना थांबवता येत नाही. म्हणून एजंट म्हणाला ना की आता जहाजं मोठी झालीत, काही हलत नाही, तर मान डोलवा आणि तरीही मधलीच केबिन मागा.

खिडकी हवी की नको यावर लोक भांडतात. बोट लागते कारण कान सांगतात आपण हलतोय आणि डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते, मेंदूचा गोंधळ होतो. लांबची क्षितिजरेषा दिसली की हा गोंधळ कमी होतो, त्यामुळे तुमच्यासाठी मी खालच्या डेकवरची मधली ओशनव्ह्यू सुचवेन, आणि नवऱ्याचा हट्टच असेल तर मधली, बाल्कन्यांच्या सगळ्यात खालच्या डेकवरची बाल्कनी. फार खालच्या पोर्टहोलला समुद्र खवळला तर आतून घट्ट लोखंडी झाकण लावतात, बाहेरचं काही दिसत नाही, तसं झालं तर घाबरू नका, नेहमीचंच आहे. गोळीबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा, कारण बहुतेक गोळ्या मळमळ सुरू व्हायच्या आधी घेतल्या तरच नीट काम करतात, पोटात ढवळायला लागल्यावर शोधाशोध करून उपयोग नाही.

प्रश्न: मागच्या वेळी रोज पहाटे डोक्यावर कोणीतरी फर्निचर सरकवत होतं. रिसेप्शनला तीन वेळा तक्रार केली, ते म्हणाले जहाज फुल आहे. आता परत जायचंय पण त्या आवाजाची धास्ती बसलीय. शांत केबिन ओळखायची कशी?

उत्तर: तुमच्या डोक्यावर स्विमिंग पूलचा डेक होता, दुसरं काही नाही. पहाटे साडेपाचच्या सुमाराला तिथली माणसं डेक धुतात आणि मग शेकडो आरामखुर्च्या एकेक करून ओढत रांगेत लावतात. खाली पडलेल्या माणसाला आधी करकर, मग धप्प, मग पुन्हा करकर, हे तासभर. झोपेचं पार खोबरं.

म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, कॅटेगरी नंतर, आधी डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडा. कंपनीच्या साइटवर प्रत्येक जहाजाचा असतो. तुमच्या केबिनचा नंबर शोधा, मग बरोब्बर त्याच जागी वरच्या डेकवर काय आहे ते बघा, मग खालच्या डेकवर काय आहे ते, आणि मग डावी-उजवी बाजू. वर केबिन, खाली केबिन, शेजारी केबिन असेल तर डोळे झाकून घ्या, कारण रात्री दोन वाजता सगळेच झोपलेले असतात. वर पूल, बुफे, जिम किंवा पळायचा ट्रॅक असेल तर सोडा. जिमवाले पहाटे पाचला वजनं आपटतात. खाली थिएटर किंवा नाइटक्लब असेल तरी सोडा, गाणं ऐकू येत नाही पण त्याचा बेस गादीतून अंगात येतो.

प्लॅनवर काही ठिकाणी नुसता पांढरा कोरा चौकोन दिसतो, काही लिहिलेलं नसतं. लोकांना वाटतं रिकामी जागा आहे, छान शांत असेल. उलट आहे. ती स्टाफची जागा असते, किचन, पॅन्ट्री, मशिनरी, ट्रॉल्या ठेवायची खोली, काहीही. कोऱ्या चौकोनाला चिकटून केबिन असेल तर मी तरी घेणार नाही.

मग टोकं. अगदी पुढे आणि खाली असाल तर तिथे थ्रस्टर असतात, जहाज बंदराला लावताना ते बाजूला ढकलायचं काम करतात, आणि जहाजं बंदराला लागतात बहुतेक सकाळी सहा-सातला. पलंगासकट सगळं थरथरतं. सँटोरिनी किंवा ग्रँड केमनसारख्या ठिकाणी मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात, तिथे जहाज नांगर टाकणार असेल तर साखळी सुटतानाचा खडखडाट पुढच्या केबिनवाल्यांनाच. अगदी मागे असाल तर प्रोपेलरची कंपनं, पण मागच्या बाल्कनीतून पाण्यावर उमटत जाणारा तो लांबच लांब पांढरा पट्टा दिसतो आणि त्यासाठी माणसं दरवर्षी तीच केबिन धरून ठेवतात, तर हे ज्याचं त्याने ठरवावं.

लिफ्टच्या बाबतीत, लिफ्टचा आवाज फारसा येत नाही, लिफ्टसमोर उभं राहून गप्पा मारणाऱ्यांचा येतो. पाच-सहा केबिन सोडून घ्या म्हणजे झालं. आणि प्लॅनमध्ये दोन केबिनच्या मध्ये छोटी खूण असेल तर ती मधल्या दाराची, म्हणजे कनेक्टिंग केबिन. त्या दारातून शेजारच्यांचं भांडण शब्दन् शब्द ऐकू येतं. शेजारी तुमच्याच घरातले नसतील तर टाळा.

प्रश्न: गॅरंटी केबिन खूप स्वस्त मिळतेय. घ्यावी का? आणि नंतर अपग्रेडसाठी बोली लावा म्हणून मेल येतात ते खरं असतं का?

उत्तर: गॅरंटी म्हणजे कॅटेगरीची हमी, जागेची नाही. बाल्कनीचे पैसे भरलेत तर निदान बाल्कनी मिळेल, पण नंबर कंपनी देणार, आणि तोही कधी कधी निघायच्या काही दिवस आधी. कुठेही झोप लागते, बोट लागत नाही, दोघंच आहात, तर बिनधास्त घ्या, स्वस्तात मस्त. वरच्या दोन पत्रांतल्यासारखी अडचण असेल किंवा दोन-तीन केबिन जवळजवळ हव्या असतील तर अजिबात नको, एक केबिन पुढे आणि एक मागे मिळाली तर भांडता येत नाही.

बोलीचे मेल खरे असतात. रक्कम बरेचदा माणशी असते हे बघा, केबिनला एवढेच म्हणून आकडा टाकाल आणि कार्डावर दुप्पट दिसेल. आणि तुम्ही डेक प्लॅनवर तास घालवून निवडलेली शांत जागा अपग्रेडमध्ये जाऊ शकते, वरचा प्रकार मिळाला पण बुफेच्या खाली, असं होतं. जागा आवडली असेल तर बुकिंगवर अपग्रेड नको अशी नोंद करायला सांगा, बऱ्याच कंपन्या करतात.

प्रश्न: आम्ही दोघं आणि दोन मुलं, नऊ आणि बारा वर्षांची. एका केबिनमध्ये चौघं मावतो का? साइटवर चार बेड दाखवतात पण बुक करताना चौथा माणूस घेतच नाही.

उत्तर: मावता, पण बॅगा पलंगाखाली सारायच्या आणि बाथरूमसाठी नंबर लावायचे. तिसरा-चौथा बेड भिंतीतून किंवा छतातून खाली येतो, शिडीने चढायचं, मुलं खूश असतात. बुकिंग घेत नाही याचं कारण बेड नाही, लाइफबोट आहे. जहाजाच्या प्रत्येक भागातल्या लोकांना ठरलेली जमायची जागा आणि ठरलेल्या बोटी असतात, त्या भागाचा आकडा भरला की खोलीत बेड रिकामा असला तरी माणूस वाढवता येत नाही. त्याच जहाजाच्या दुसऱ्या भागातली केबिन टाकून बघा, बरेचदा मिळते.

माझं मत विचाराल तर या वयाच्या मुलांना घेऊन एक बाल्कनी आणि पॅसेजमध्ये बरोब्बर समोरची एक इनसाइड, असं घ्या. दोन बाथरूम मिळतात, आणि कधी कधी एका मोठ्या केबिनपेक्षा स्वस्त पडतं. कागदावर बहुतेक कंपन्या दोन्ही केबिनमध्ये एकेक मोठं माणूस दाखवायला लावतात, ते आधी विचारून घ्या. बाल्कनीतल्या खुर्च्या कठड्यापासून लांब ठेवायच्या आणि मुलं एकटी बाहेर जाणार नाहीत, एवढं मात्र पहिल्याच दिवशी सांगा.

प्रश्न: आईला न्यायचंय, वय ७८, गुडघे गेलेत, लांब अंतराला व्हीलचेअर लागते. ती म्हणते मला साधीच केबिन चालेल. चालेल का?

उत्तर: आईंना चालेल, व्हीलचेअरला चालणार नाही. साध्या केबिनचं दार बऱ्याच जहाजांवर जेमतेम २२-२३ इंच असतं, नेहमीची व्हीलचेअर आत जातच नाही. बाथरूमला उंबरा असतो आणि शॉवर इतका अरुंद की आत धरायला मदतीचा माणूस मावत नाही. अॅक्सेसिबल केबिनला दार रुंद, उंबरा नाही, शॉवरमध्ये बसायला जागा, धरायला दांडे. पण प्रत्येक जहाजावर त्या मोजक्याच असतात आणि सगळ्यात आधी संपतात, म्हणून बाकी काही ठरायच्या आधी ती धरा आणि मग विमानाचं बघा. घडी करता येणारी चेअर असेल तर तिची रुंदी मोजून कंपनीला लेखी कळवा. पॅसेजमध्ये चेअर ठेवू देत नाहीत, तो बाहेर पडायचा रस्ता असतो.

आईंसाठी मात्र लिफ्ट जवळ हवीच, इथे माझं मघाचं पाच-सहा केबिनचं गणित विसरा. आजची जहाजं किती लांब झालीत बघा, २०२४ मध्ये आलेलं आयकॉन ऑफ द सीज ३६५ मीटर आहे, मागच्या केबिनमधून पुढच्या थिएटरला जायचं म्हणजे चांगली रपेट होते. दिवसातून तीन वेळा जेवायला जायचं असतं तेव्हा मधली लिफ्ट आणि मधली केबिन.

आणि चढताना एक करा. २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया जहाज इटलीजवळ खडकाला घासून आडवं झालं, तेव्हा नुकत्याच चढलेल्या कितीतरी प्रवाशांची मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं याची तालीम, झालेलीच नव्हती. त्यानंतर ती निघायच्या आधीच घ्यायचा नियम झाला. ड्रिल टाळू नका, आणि तिथेच सांगा की आईंना जिना चढता येत नाही, कारण खरोखर वेळ आली तर लिफ्ट बंद असतात आणि न्यायला माणसं पाठवायची तर त्यांना केबिन नंबर आधी माहीत हवा.

प्रश्न: डावी बाजू चांगली की उजवी?

उत्तर: बहुतेक वेळा काही फरक पडत नाही. जहाजाच्या पुढच्या दिशेला तोंड करून उभं राहिलात की डावी ती पोर्ट आणि उजवी ती स्टारबोर्ड. धक्क्याला कुठली बाजू लागेल हे आधी सांगता येत नाही, कॅप्टन वारा आणि जागा बघून ठरवतो. फरक पडतो तो एकाच दिशेने जाणाऱ्या रूटवर, व्हँकुव्हरहून उत्तरेला अलास्कात सुअर्डला जाणाऱ्या क्रूझवर किनारा उजवीकडे राहतो, उलट येताना डावीकडे. तरी हिमनदीसमोर पोचलं की जहाज जागच्या जागी हळूहळू पूर्ण फिरवतात, दोन्ही बाजूंना बघायला मिळतं. उन्हाचं म्हणाल तर उत्तर गोलार्धात युरोपकडून अमेरिकेकडे, म्हणजे पश्चिमेला जाताना दिवसभर ऊन डाव्या बाजूला. ऊन हवं की नको ते तुमच्या कातडीला विचारा.

प्रश्न: मी एकटीच फिरते. प्रत्येक वेळी दोघांचे पैसे का द्यायचे?

उत्तर: कारण भाडं दोघं राहणार असं धरून माणशी लावलेलं असतं, एकटं गेलं की दुसऱ्याचंही बरेचदा आपल्याच माथी. उपाय म्हणजे एकट्यांच्या केबिन. नॉर्वेजियन एपिक जहाजाने २०१० मध्ये अशा १२८ छोट्या स्टुडिओ केबिन काढल्या, साधारण १०० चौरस फुटांच्या, आणि त्यांच्यासाठी वेगळा लाउंज, आता इतर कंपन्याही देतात. पण त्या लवकर जातात, आणि मजा म्हणजे कधी कधी दोघांच्या इनसाइडचे पूर्ण पैसे भरूनही ती इनसाइडच स्वस्त पडते, म्हणून दोन्ही भाव काढल्याशिवाय कार्ड बाहेर काढू नका.

प्रश्न: "ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू" लिहिलेली ओशनव्ह्यू स्वस्त आहे. आणि बाल्कनीत सिगारेट चालते का? (नवऱ्याचा प्रश्न, माझा नाही.)

उत्तर: खिडकीसमोर बहुतेक वेळा लाइफबोट टांगलेली असते. काही ठिकाणी फक्त खालचा भाग झाकतो, काही ठिकाणी पडदा सरकवला की समोर नुसतं नारिंगी प्लास्टिक. त्याच नंबरच्या केबिनचे किंवा त्याच बनावटीच्या जुळ्या जहाजावरचे प्रवाशांनी टाकलेले व्हिडिओ शोधा. नुसता उजेड हवा असेल तर सौदा वाईट नाही.

सिगारेट, नाही. २००६ मध्ये स्टार प्रिन्सेस जहाजावर बाल्कनीत आग लागली, विझवायला राहिलेल्या सिगारेटमुळे लागली असावी असं तपासात म्हटलं होतं, बाल्कन्यांमधले प्लास्टिकचे आडोसे पेटत गेले आणि एक प्रवासी गेला. त्यानंतर बाल्कनीत काय सामान वापरायचं याचे नियमच बदलले आणि आता बहुतेक कंपन्या बाल्कनीत ओढू देत नाहीत, पकडलं तर दंड खोलीच्या बिलात लागतो. त्यांना सांगा, वरती ठरलेला कोपरा असतो, तिथे जा.

प्रश्न: केबिनमध्ये एकच प्लग असतो म्हणे. एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ का?

उत्तर: सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड नेऊ नका, जहाजाची वायरिंग घरासारखी नसते आणि त्याने आग लागू शकते, चढतानाच काढून घेतात. काही कंपन्यांना साधा बोर्डही चालत नाही, चार-सहा तोंडांचा यूएसबी चार्जर न्या म्हणजे वाद नको. भिंती बहुतेक लोखंडी असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे हुक नेलेत तर टोप्या, ओले कपडे, कार्डं सगळं भिंतीवर लटकतं आणि खुर्ची बसायला मोकळी राहते. इस्त्री घरीच ठेवा, सापडली की जप्त होते आणि उतरताना रांगेत उभं राहून परत घ्यावी लागते.